क्वाडचे टायर थांबतील, पॉलिसीची मुदत थांबणार नाही

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका वाचकांचं पत्र आहे. वय 46, घरी आई, पत्नी आणि सोळा वर्षांची मुलगी. वडिलोपार्जित कुळागर आहे, त्यात पोफळी, माड, मिरी. आवारातच दोन खोल्यांचा होमस्टे आहे. खत आणि नारळ वाहायला सहा वर्षांपूर्वी त्यांनी एक जुनी क्वाड बाइक, म्हणजे जाड टायरांची चारचाकी मोटारसायकल, घेतली. ते लिहितात:

"टायर चिरले आहेत. पुढचे दोन अगदी गुळगुळीत झालेत आणि मागच्या डाव्यातून रोज हवा जाते. चार नवे टायर 30 हजार सांगतात. रिमवरून टायर सोडवायचं अवजार साडेचार हजारांना मिळतं. व्हिडिओ बघून घरीच बदलावेत, की ही 70 हजारांना विकून साडेतीन लाखांची नवी घ्यावी? पैशांची अडचण नाही. बाबांची 9 लाखांची ठेव होती, ती एप्रिलमध्ये मोडली. बँकेतल्या मॅडमनी सांगितलं म्हणून 3 लाख दुप्पट होणाऱ्या योजनेत घातले, 6 लाख खात्यात आहेत. पाहुण्यांच्या मुलांना कुळागरातून फेरी मारून आणतो, त्याचेही वर्षाला 25 हजार सुटतात. योजनेचा कागद टायरच्या कोटेशनसोबत जोडला आहे."

तुमचं पत्र मला 21 मेला मिळालं. कोटेशनखालचा कागद वाचला आणि त्याच संध्याकाळी तुम्हाला फोन केला. नाव-गाव गाळून हे छापायला तुम्ही होकार दिलात म्हणून सगळं सविस्तर लिहितो. टायरचं उत्तर शेवटी देतो.

तो कागद आयुर्विमा पॉलिसीचा आहे आणि त्यावर तीन ओळी आहेत. वार्षिक प्रीमियम 3 लाख. प्रीमियम भरण्याची मुदत 10 वर्षे. पॉलिसीची मुदत 20 वर्षे. तुम्ही ठेव ठेवली नाही. दर मे महिन्यात 3 लाख भरण्याचं, असं दहा वर्षं करण्याचं बंधन तुम्ही सही करून घेतलंत. फोनवर तुम्ही बराच वेळ गप्प राहिलात आणि मग म्हणालात, "पण मॅडम एकदाच भरायचे म्हणाल्या होत्या." माझा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे. कंपनीचा पडताळणीचा फोन आला तेव्हा सगळ्याला 'होय' म्हणायला त्यांनीच सांगितलं होतं, हेही तुम्ही सांगितलंत. माझ्याकडे येणाऱ्या दर चार-पाच पत्रांमागे एकात हीच गोष्ट असते आणि दर वेळी मला तितकाच राग येतो. बाप गेलेल्या माणसाची ठेव मोडायला लावून त्याला वीस वर्षांचं बंधन विकणं याला विक्री म्हणत नाहीत.

आता हिशेब. कुळागर आणि होमस्टे मिळून तुमच्या हातात वर्षाला साडेपाच लाख येतात आणि घरखर्च चार लाख होतो. म्हणजे शिल्लक दीड लाख, तीही सुपारीला भाव बरा मिळाला तर. जुनी 70 हजारांना विकून नवी क्वाड घेतलीत तर खात्यात 3 लाख 20 हजार उरतात. पुढच्या मेपर्यंत त्यात दीड लाख येतील आणि 3 लाखांचा दुसरा हप्ता जाईल, उरले 1 लाख 70 हजार. त्याच्या पुढच्या मेमध्ये तुमच्याकडे 3 लाख 20 हजार असतील आणि 3 लाखांचा हप्ता भरून 20 हजार उरतील. चौथ्या हप्त्याला अडकलात. क्वाड घेतली नाहीत तरी पाचव्या हप्त्यानंतर खातं रिकामं होतं. आणि हे सगळं मुलीच्या कॉलेजची फी शून्य धरून. ती दोन वर्षांनी इंजिनिअरिंगला जायचं म्हणते आहे.

मध्येच सोडली तर काय होतं? 1 ऑक्टोबर 2024 पासून विकलेल्या पॉलिसींना नियम थोडे सुधारले आहेत. पूर्ण एका वर्षाचा हप्ता भरून वर्ष संपलं की काही परतावामूल्य, म्हणजे पॉलिसी मध्येच सोडल्यावर परत मिळणारी रक्कम, द्यावंच लागतं. पण 'काही' म्हणजे सगळं नव्हे. तिसऱ्या वर्षी सोडली तर किमान हमी भरलेल्या हप्त्यांच्या 35 टक्क्यांची. म्हणजे 9 लाख भरून 3 लाख 15 हजारांची हमी. कंपनी वेगळ्या हिशेबानं काढते ते विशेष परतावामूल्य त्याहून जास्त निघू शकतं, पण तुमचे नऊ लाख पूर्ण परत मिळतील या आशेवर राहू नका.

'दुप्पट' हा शब्द खोटा नाही, म्हणून तो जास्त घातक आहे. तुमच्या कागदावर 30 लाख भरल्यावर विसाव्या वर्षी 60 लाख लिहिले आहेत. तुमचा एकेक हप्ता सरासरी साडेपंधरा वर्षं कंपनीकडे राहणार आहे. 72 ला दुप्पट व्हायच्या वर्षांनी भागलं की व्याजाचा दर अंदाजे कळतो, तेव्हा 72 ला साडेपंधरानं भागा. दुप्पट व्हायला एवढी वर्षं लागत असतील तर व्याज पडतं वर्षाला साधारण साडेचार टक्के. पाच वर्षांत दुप्पट म्हणजे चौदा टक्क्यांच्या वर, आणि तुम्ही मनात तेच धरलं होतंत. मोडलेली ठेव सात टक्क्यांची होती. तेच 3 लाख दर वर्षी दहा वर्षं सात टक्क्यांनी ठेवले आणि पुढची दहा वर्षं तसेच राहू दिले, तर विसाव्या वर्षी 87 लाखांच्या आसपास होतात. तुमचं बरंचसं उत्पन्न शेतीचं आहे, त्यामुळे व्याजावरच्या कराचाही मोठा प्रश्न नाही. 60 आणि 87 यांच्यातले 27 लाख कशासाठी सोडायचे? विम्यासाठी म्हणाल, तर या पॉलिसीत तुमच्या जिवावर 30 लाखांचं कवच आहे. तुमच्या वयाच्या, तंबाखूला हात न लावणाऱ्या माणसाला 50 लाखांचा साधा मुदत विमा (टर्म, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा) वर्षाला पंधरा-वीस हजारांच्या घरात मिळतो.

आता सुटकेचा मार्ग. पॉलिसीचा कागद हातात पडल्यापासून 30 दिवसांत ती कारण न देता परत करता येते. याला फ्री लूक म्हणतात. तुमचं पाकीट 4 मेला आलं, म्हणजे 3 जूनपर्यंत वेळ होता. पाकिटावरचा शिक्का तुम्ही जपून ठेवलात हे फार बरं केलंत. पॉलिसी ईमेलवर आली असेल, तर ईमेल आल्याची तारीख धरतात.

फोनवर तुम्ही म्हणालात, "सोमवारी मॅडमना भेटून विचारतो." मी तुम्हाला तिथं जाऊ नका म्हटलं आणि ते पुन्हा लिहितो, कारण लोकांचे दिवस इथंच जातात. बँकेत गेलं की मॅडम रजेवर असतात. मग साहेब मीटिंगमध्ये असतात. मग "एक वर्ष ठेवून बघा, आवडली नाही तर काढू" असं सांगतात. तोवर तीस दिवस उलटून गेलेले असतात. पॉलिसी विमा कंपनीची आहे, अर्ज कंपनीच्या शाखेतच द्यायचा. त्यात पॉलिसी क्रमांक, कागद मिळाल्याची तारीख, "फ्री लूकखाली रद्द करावी" हे वाक्य आणि बँक खात्याचा तपशील लिहायचा, सोबत मूळ पॉलिसी आणि रद्द केलेला धनादेश जोडायचा. प्रतीवर तारखेसह शिक्का घ्यायचा आणि तोच मजकूर कंपनीला ईमेलही करायचा. तुम्ही 23 मेला पणजीला जाऊन हे केलंत. शिक्का मारलेल्या प्रतीचा फोटो तुम्ही पाठवलात तेव्हा मला खरोखर हायसं वाटलं.

अर्ज मिळाल्यापासून सात दिवसांत कंपनीनं पैसे परत करायचे असतात. त्यातून जितके दिवस कवच चालू होतं त्याचा खर्च, मुद्रांक शुल्क आणि वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिची रक्कम वजा होते. 3 लाखांतले थोडेच जातील. पैसे आले नाहीत तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लिहा आणि विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर नोंदवा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल आहे. गोव्याची प्रकरणं मुंबईच्या कार्यालयात जातात. वकील लागत नाही आणि शुल्कही नाही.

ते पैसे आले की पुन्हा 9 लाख होतील. त्यातले 4 लाख मुलीसाठी वेगळ्या ठेवीत घाला, मुदत तिच्या प्रवेशाच्या आधी संपेल अशी. दोन लाख अडीनडीला, लगेच काढता येतील असे. दीड लाख होमस्टेच्या छपराला. तुम्ही पत्रात ओझरतं लिहिलंय की मागच्या पावसात एका खोलीत गळत होतं. सत्तरीतला पाऊस आणि तुटकी कौलं, त्या खोलीचं भाडं बुडतं आहे आणि तुम्ही क्वाडचा विचार करता आहात. मुदत विम्याचा पहिला हप्ता यातूनच जाऊ दे. घरात चार माणसं आहेत, तेव्हा गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या आरोग्य विमा योजनेचं कार्ड चालू आहे ना ते बघा. चार किंवा अधिक माणसांच्या कुटुंबाला वर्षाला 4 लाखांपर्यंत कवच आहे आणि नूतनीकरण विसरणारी घरं मी खूप पाहिली आहेत.

पाहुण्यांच्या मुलांच्या फेऱ्यांबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, पण त्या आजपासून बंद करा. एका सीटच्या क्वाडवर मागे दुसरं कुणी बसवायचं नसतं. चालवणाऱ्याला वळणावर अंग झुकवून तोल सांभाळावा लागतो आणि मागचं वजन ते होऊ देत नाही. मोठ्या इंजिनची क्वाड सोळा वर्षांखालच्यांनी चालवू नये आणि मागे कुणाला बसवू नये, असं बनवणाऱ्या कंपन्या गाडीवरच लिहून ठेवतात. कुळागराच्या पाटाच्या कडेला ती उलटली आणि पाहुण्यांच्या मुलाला काही झालं, तर भरपाई तुमच्या खिशातून जाणार. तुमच्याकडे या गाडीचा कसलाच विमा नाही. 25 हजारांसाठी पूर्ण कुळागर पणाला लावलं आहे, हे मी घाबरवायला म्हणत नाही. आणि पेट्रोलला वाळपईच्या रस्त्यानं नेता असं लिहिलंय, तेही थांबवा. सार्वजनिक रस्त्यावर मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 146 प्रमाणे तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे आणि तुमच्या क्वाडची आरटीओत नोंदणीच नाही. शिवाय बऱ्याच क्वाडचा मागचा आस एकजीव असतो, त्यामुळे डांबरावर वळताना दोन्ही मागची चाकं सारखीच फिरतात आणि गाडी सरळ ओढते.

आता टायर. नवी घेऊ नका. साडेतीन लाखांची गाडी आठ वर्षांनी लाखाला विकली, तरी वर्षाला तीस हजारांच्या वर पडते. जुनीवर 40 हजार घालून ती पाच वर्षं चालली तर वर्षाला 8 हजार. पण टायर मागवण्याआधी चारही चाकं जमिनीपासून उचला, प्रत्येक चाक वर-खाली आणि डावी-उजवीकडे धरून हलवा. खटखट आली तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट गेला आहे. आधी ते, मग टायर. रिमची कड गंजून खाल्ली गेली असेल, तर नव्या टायरमधूनही हवा जाणारच. मागच्या डाव्याचं कारण बहुधा हेच असेल. सगळं मिळून 45 हजारांच्या पुढे जात असेल तर मला पुन्हा लिहा.

टायर निवडताना आकडे नीट वाचा. 25×8-12 म्हणजे बाहेरचा व्यास 25 इंच, रुंदी 8, रिम 12. बाजूवर शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात, 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. दुकानात वर्षानुवर्षं पडून राहिलेले टायर स्वस्तात मिळाले तरी घेऊ नका, रबर पडून पडूनही चिरतं. तुमची चारचाकी ड्राइव्हची आहे, तेव्हा व्यास जुळणारे चारही एकदम बदला.

साडेचार हजारांचं अवजार घेऊ नका. चाकं घरी काढा, चारही रिम पिकअपमध्ये घालून फोंड्याच्या टायरवाल्याकडे न्या. चार टायरचे तो हजार-बाराशे घेईल. टायरची कड रिमच्या गंजाला चिकटून बसते, ती घरी सोडवताना रिम वाकवली तर वाचवलेले सगळे जातात. व्हिडिओत पेट्रोल शिंपडून, काडी लावून टायर बसवतात, ते घरात कुणी करू नये. टायरवर बाण असेल तर तो फिरण्याच्या दिशेनं आला का हे त्याच्या दुकानातच बघून घ्या. घरी बसवताना नट समोरासमोरचे आलटून पालटून आवळा आणि मागच्या हबची पिन नवी घाला, जुनी सरळ करून वापरू नका.

आणि हवा. क्वाडचा टायर साधारण पाच पौंडांवर चालतो, नेमका आकडा गाडीवरच्या पट्टीत आहे. पेट्रोल पंपावरचं मीटर इतकं खालचं धड दाखवत नाही, म्हणूनच तुमचे टायर इतकी वर्षं जास्त हवेवर मधोमध झिजत गेले. दहा पौंडांखालचं वाचणारं छोटं मीटर मिळतं, तेवढी एक वस्तू मात्र विकत घ्या.