टूरिंग बाइकवर रिझर्व्हचा दिवा लागल्यावर नक्की किती किलोमीटर जाता येतं? मीटरवरची रेंज धरून चालायचं का?

तुम्ही लिहिलंय की मीटरने ११० किमी रेंज दाखवली आणि वीसेक किलोमीटरमध्येच ती ६० वर आली. गाडीत बिघाड नसावा. तो आकडा असाच वागतो.

टाकीत उरलेलं पेट्रोल गुणिले अलीकडच्या काही किलोमीटरचं अ‍ॅव्हरेज, यापलीकडे त्यात काही नसतं. पुढे घाट आहे की समोरून वारा, हे मीटरला कळायला मार्ग नाही. तुम्ही बराच वेळ ८० ने निवांत चालवत होतात आणि मोकळा रस्ता मिळताच ११० धरलात, तर हवेचा विरोध जवळजवळ १.९ पट होतो, कारण तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दोन्ही बाजूंना पेट्या लावल्या असतील तर विचारूच नका. मग मीटर नवं अ‍ॅव्हरेज धरून हिशेब बदलतं आणि रेंज धाडकन खाली येते. लांब उतारावर ती वाढतेही. त्या वाढलेल्या आकड्यावर तर अजिबात विसंबू नये.

शिवाय 'उरलेलं पेट्रोल' हादेखील अंदाजच. बाइकची टाकी चौकोनी डबा नसते. मधून फ्रेम जाते, त्यामुळे ती खालून पोकळ आणि दोन्ही बाजूंना लोंबणारी असते. आत बहुधा एकाच बाजूला दांडीवरचा फ्लोट, म्हणजे पातळी मोजणारा तरंगता तुकडा, असतो. टाकी काठोकाठ भरली की फ्लोट वरच्या टोकाला अडकून राहतो, म्हणून सुरुवातीचे काही लिटर जळले तरी काटा हलत नाही आणि मग एकदम पळू लागतो. गाडी साइड स्टँडवर कलली, चढावर लागली किंवा जोरात ब्रेक दाबला तरी पातळी सरकते. टाकी मोठी असली की चूकही मोठी. बीएमडब्ल्यू आर १२५० जीएस अ‍ॅडव्हेंचरसारख्या ३० लिटरच्या टाकीत पाच टक्क्यांची चूक म्हणजे दीड लिटर, म्हणजे २० च्या अ‍ॅव्हरेजने ३० किमीचा फरक.

जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांमध्ये हा घोळ नव्हता. पेट्रोल कॉकला, म्हणजे टाकीखालच्या तोटीला, आत दोन तोंडं असायची, एक उंचावर आणि एक तळाशी. वरचं तोंड उघडं पडलं की गाडी आचके द्यायची, कॉक रिझर्व्हला फिरवायचा. त्या रिझर्व्हचं माप नळीच्या उंचीने ठरलेलं, दरवेळी जवळपास तेवढंच. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत कॉकची जागा दिव्याने घेतली, पण दिवा फक्त सूचना देतो, वेगळं पेट्रोल राखून ठेवत नाही.

म्हणून आपल्या गाडीचं माप आपणच घ्यावं. दिवा लागला की जवळच्या पंपावर जा, गाडी सरळ उभी धरा आणि टाकी फुल करा. किती लिटर बसलं ते टाकीच्या क्षमतेतून वजा करा. समजा १७ लिटरच्या टाकीत १३.४ लिटर बसलं, तर ३.६ उरलं होतं. त्यातलं शेवटचं अर्धा लिटर तरी टाकीतल्या इंधन पंपाला ओढता येणार नाही असं धरा. राहिलं ३.१. आता याला तुमचं नेहमीचं अ‍ॅव्हरेज लावू नका, सगळ्यात वाईट लावा: सामान, मागे माणूस, समोरून वारा, अ‍ॅक्सिलरेटरची मूठ सैल न सोडता चालवलेली गाडी. ते २२ असेल तर ६८ किमी. हे तीन-चार वेळा करून पाहा आणि सगळ्यात कमी आलेला आकडा धरा. फुल करायची पद्धत दरवेळी तीच हवी. एकदा साइड स्टँडवर आणि एकदा सरळ भरलीत तर वजाबाकीला अर्थ नाही. आणि फुल म्हणजे टाकीच्या तोंडापर्यंत नव्हे. १० अंश तापमान वाढलं की पेट्रोल साधारण एक टक्का फुगतं, आणि टाकीतली वाफ शोषणाऱ्या कॅनिस्टरमध्ये (डब्यात) पेट्रोल शिरलं तर वेगळाच खर्च.

रोजच्या वापरात मी रेंजपेक्षा ट्रिप मीटर पाहतो. प्रत्येक फुलला शून्य करायचा, एवढंच. यामाहाच्या बऱ्याच गाड्यांवर दिवा लागल्याक्षणी वेगळी इंधन-ट्रिप आपोआप सुरू होते. ती असेल तर वरचं ६८ थेट तिच्याशी ताडता येतं. अनोळखी भागात पेट्रोल बदललं तर थोडी सूट ठेवा. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश असते, त्यामुळे २० टक्के मिश्रणात सहा-सात टक्के कमी मिळते.

दिवा लागला आणि पंप लांब असेल तर वेग ७०-८० वर आणा, वरच्या गिअरमध्ये ठेवा, ओव्हरटेकचा मोह टाळा. यानेच सगळ्यात जास्त किलोमीटर वाचतात. टाकी पार कोरडी होईपर्यंत मात्र ओढू नका. टाकीतल्या पंपाला पेट्रोलच थंड ठेवतं, आणि कोरडा फिरला तर तो जळू शकतो. कार्ब्युरेटरवाल्यांना एक जास्तीचा उपाय आहे: रिझर्व्हही संपलं तर गाडी कॉकच्या बाजूला चांगली कलवा. फ्रेमच्या पलीकडच्या कप्प्यात अडकलेलं पेट्रोल इकडे येतं आणि गाडी काही किलोमीटर आणखी निघते.