नवी मुंबईतील उलव्याच्या नव्या विमानतळासारखी ३,७०० मीटरची धावपट्टी असेल, तर उड्डाणासाठी धावताना इंजिन बंद पडताच वैमानिक विमान थांबवत का नाही? आणि लष्करी गस्ती विमानांत असे झाले तर?

कारण धावपट्टी कितीही लांब असली तरी, वजन, तापमान आणि वारा पाहून आधीच ठरवलेला निर्णयवेग, ज्याला वैमानिक व्ही-वन म्हणतात, तो ओलांडल्यावर थांबण्यापेक्षा उड्डाण पूर्ण करणे अधिक सुरक्षित मानले जाते आणि प्रशिक्षणातही तेच शिकवले जाते. आपण लष्करी गस्ती विमानांबद्दलही विचारले आहे. पी-३ ओरायनसारख्या चार इंजिनांच्या विमानात अडचण ताकदीपेक्षा तोलाची असते. बाहेरच्या बाजूचे इंजिन बंद पडले आणि त्याच्या पंख्याची पाती वाऱ्याला धार करून वळली नाहीत, तर तो पंखा जूनमध्ये पाम बीच रोडवर उघडलेल्या छत्रीसारखा वारा अडवतो, विमान त्या बाजूला खेचले जाते आणि वेग पुरेसा नसेल तर सुकाणूला तो ओढा सावरत नाही. जमीन सोडताच असे झाले, तर इतक्या कमी उंचीवर नाक खाली करून वेग मिळवायलाही जागा नसते. मात्र २९ मे २०२५ रोजी दक्षिण कोरियातील पोहांग येथे नौदलाचे पी-३ कोसळून त्यातील चारही जण मरण पावले, ते प्रशिक्षणाच्या फेरीत, हवेत गेल्यावर काही मिनिटांनी; तेथे धावपट्टीच्या लांबीचा प्रश्नच नव्हता.