दोन वर्षांच्या मुलाला ट्रायसिकल घ्यावी की बॅलन्स बाइक?

तुम्ही लिहिलंय की मुलगा पुढच्या महिन्यात दोन वर्षांचा होतोय आणि गोव्यात पर्वरीला दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. आजोबा म्हणतात, "तीनचाकीच आणा, पोर पडायचं नाही." तुमचं मन बॅलन्स बाइककडे आहे, पण पेडलच नसलेल्या सायकलीला एवढे पैसे का मोजायचे, हे घरात पटवता येत नाही.

एकच आणायची असेल तर बॅलन्स बाइक आणा. आमच्या घरी दोन्ही झाल्या. थोरल्याला ट्रायसिकल होती, धाकटीला बॅलन्स बाइक. आम्हीही गोव्यातच, डिचोलीला राहतो, म्हणून इथलं अंगण, इथला पाऊस आणि इथले रस्ते धरूनच सांगते.

आधी आजोबांचा मुद्दा. तीनचाकी पडत नाही हे उभ्या गाडीपुरतं खरं आहे, वळणावर नाही. थोरला साडेतीन वर्षांचा होता. आमच्या पडवीपुढून अंगणात यायला सिमेंटचा छोटा उतार आहे. तिथून तो खाली आला, समोर तुळस दिसली म्हणून त्याने हँडल एकदम उजवीकडे फिरवलं. मागचं उजवं चाक वर उचललं गेलं आणि गाडी त्याच्यासकट डाव्या अंगावर गेली. हनुवटीला दोन टाके पडले. मी चार पावलांवर उभी होते, तरी पोचले नाही. दोन चाकांची सायकल वळताना आत झुकते, तीनचाकीला झुकता येत नाही. मग मुलाचा भार बाहेरच्या बाजूला जातो आणि पुढे एकच चाक असल्यामुळे त्या कोपऱ्यात टेकू द्यायला काहीच नसतं. रस्ता सपाट आणि वेग कमी असेल तर हे कधी जाणवत नाही. उतार आला की जाणवतं.

दुसरी गोष्ट पेडलची. लहान मुलांच्या ट्रायसिकलला पेडल थेट पुढच्या चाकाला असतात. मध्ये साखळी नाही, पेडल थांबवूनही चाक फिरू देणारं फ्रीव्हील नाही. चाक फिरलं की पेडल फिरणारच. उतारावर ते इतक्या जोरात फिरतात की पोराला पाय ठेवता येत नाहीत, आणि पाय बाजूला काढले तर पेडल पोटरीवर आपटतात. बहुतेकांना ब्रेक नसतो. शिवाय ज्या चाकाला पेडल, त्याच चाकाला हँडल. उजवा पाय दाबला की हँडलला झटका बसतो, ते सरळ धरायचं आणि त्याच वेळी डावा पाय मारायचा. दोन वर्षांच्या मुलाला हे फार जड जातं. पाय पेडलपर्यंत नीट पोचायलाच बहुतेकांना अडीच-तीन वर्षं लागतात. तोवर गाडी पाठीमागून आईबाप ढकलतात आणि मूल नुसतं बसून असतं.

इथल्या पावसाळ्यात आणखी एक अडचण दिसली. मुलाचा बराच भार मागच्या दोन चाकांवर, जोर मात्र पुढच्या प्लास्टिकच्या चाकावर. जुलैत फरशीवर शेवाळाचा पातळ थर धरला की पुढचं चाक जागच्या जागी गरागरा फिरतं, गाडी हलत नाही. थोरला रडकुंडीला यायचा. त्याला वाटायचं आपल्यालाच जमत नाही. हे बघून मला फार वाईट वाटायचं.

आता बॅलन्स बाइक. सायकल चालवण्यात अवघड काय असतं? पेडल मारणं नव्हे, ते चार दिवसांत येतं. अवघड असतो तोल. सायकल डावीकडे कलली की हँडलही किंचित डावीकडे न्यायचं, म्हणजे चाकं पुन्हा अंगाखाली येतात. आपण मोठी माणसं हे नकळत करतो. ट्रायसिकल कलतच नाही, त्यामुळे तिच्यावर हे शिकायला मिळत नाही. बाजूला लावायची छोटी चाकंही तेच करतात. थोरला ट्रायसिकलवरून त्या बाजूच्या चाकांवर गेला आणि ती काढायला सहावं वर्ष उजाडलं. धाकटी चार वर्षांची झाली तेव्हा तिला पेडलची सायकल दिली आणि त्याच संध्याकाळी ती एकटी फिरली. मुलं वेगवेगळी असतात हे मान्य, पण तोल तिला आधीच आलेला होता, शिकायचं राहिलं होतं ते फक्त पेडल.

सायकलीचा जन्मही याच क्रमाने झालाय. जर्मनीत मानहाइमला कार्ल ड्राइसने १८१७ च्या जूनमध्ये जी दोन चाकांची गाडी पळवली, तिला पेडल नव्हतेच. लाकडी गाडीवर बसायचं आणि पायांनी जमीन मागे ढकलायची. तेवढ्यावर त्याने तासाभरात सुमारे १३ किलोमीटर कापले. पेडल आले ते १८६० च्या दशकात, पॅरिसमध्ये. आजोबांना हे जरूर सांगा. आमच्या सासऱ्यांचं मन तिथेच थोडं वळलं होतं.

धाकटी सव्वादोन वर्षांची असताना तिची बाइक आली. पहिले तीन आठवडे ती सीटवर बसलीच नाही. गाडी दोन पायांत धरून नुसती चालायची. माझ्या नवऱ्याला वाटलं पैसे वाया गेले. तुमच्याकडेही असंच होईल, तेव्हा धीर धरा, "बस ना, बस ना" म्हणून मागे लागू नका. आमच्याकडे तिला बसवलं पोदेराने, म्हणजे सायकलवरून भोंगा वाजवत पाव विकणाऱ्याने. सकाळी पों पों ऐकू आलं की ती दाराशी धावायची. सायकलच्या मागची टोपली, त्यावरचं निळं प्लास्टिक, सगळं डोळे भरून बघायची. एक दिवस मी तिच्या हँडलला रबरी भोंगा बांधला आणि मागे छोटी परडी लावली. त्या दिवशी ती सीटवर बसली आणि पडवीभर पाव विकत फिरली. दोन-तीन महिन्यांनी देवळासमोरच्या पटांगणात तिने पहिल्यांदा दोन्ही पाय उचलले. जेमतेम दोन हात गेली असेल. पाय टेकवून थांबली, मागे वळून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा तेच केलं. त्या संध्याकाळी तिला घरी आणता आणता अंधार पडला.

घेताना वयावर जाऊ नका, पायाचं माप घ्या. मुलाला अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं करा, एक पुस्तक दोन पायांमधून वर जांघेपर्यंत हलकेच सरकवा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. धाकटीचं तेव्हा ३३ सेंटीमीटर भरलं होतं. सीट याहून दोन-तीन सेंटीमीटर खाली यायला हवी, म्हणजे बसल्यावर दोन्ही तळवे पूर्ण टेकतात आणि गुडघा जरासा वाकतो. "वाढेल की अजून" म्हणून मोठी घेतलीत तर मूल टाचा उचलून बसेल, घाबरेल आणि गाडी कोपऱ्यात पडून राहील. दुकानात सीट सगळ्यात खाली करून मुलाला प्रत्यक्ष बसवूनच घ्या. वजनही उचलून बघा. मुलाच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाहून जड नको. बारा किलोच्या पोराला तीन-साडेतीन किलोची गाडी सोपी जाते. तुम्हालाही बरं, कारण दोन मजले ती खांद्यावर तुम्हीच नेणार आहात. खेळण्यांवर आयएसआय चिन्ह १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचं आहे, तेही बघा. हँडलच्या टोकांना जाड, गोल रबर हवं. पडताना पोटात घुसतं ते हँडलचं टोक.

टायर फोमचे घ्यावेत की हवेचे, ते जमिनीवर ठरवा. फोमचे पंक्चर होत नाहीत आणि हलके असतात, तुमच्या इमारतीखालच्या, खांबांमधल्या स्टिल्ट पार्किंगला पुरेसे आहेत. ओल्या लादीवर मात्र घसरतात. आमच्यासारखी चिऱ्याची खडी आणि लाल माती असेल तर हवेचे बरे. ब्रेकसाठी जादा पैसे आत्ता देऊ नका. या वयाच्या बोटांत ब्रेक दाबायची ताकद नसते, मूल पायांनीच थांबतं. म्हणून चप्पल नको, बंद बूट घाला, आमच्या घरी अंगठ्याचं नख त्या चपलेपायीच गेलं. हेल्मेट पहिल्या दिवसापासून द्या. भुवयांच्या वर दोन बोटं बसलं पाहिजे, मागे सरकलेलं नको.

पैशांचीच अडचण असेल आणि मूल तीनच्या पुढे असेल, तर १२ इंची साध्या सायकलीचे पेडल काढून सीट खाली करा. उजवा पेडल नेहमीसारखा घड्याळाच्या काट्यांच्या उलट्या दिशेने सुटतो. डाव्याचे आटे उलटे असतात, तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवायचा. तुमच्या मुलाला हे आत्ता चालणार नाही, त्या सायकली जड असतात आणि सीट पुरेशी खाली येत नाही.

ट्रायसिकल वाईटच असं मी म्हणणार नाही. दीड वर्षाच्या आतल्या मुलाला मागून ढकलायचा दांडा असलेली गाडी छान. पणजीत मिरामारला किंवा कांपालला मांडवी नदीच्या काठाने संध्याकाळी फिरवून आणता येतं. चालायला उशीर झालेल्या किंवा पायांत जोर कमी असलेल्या मुलाला तीन चाकांचा आधार खरोखर उपयोगी पडतो. तिथे मात्र आपल्या मुलाच्या डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टला विचारूनच ठरवा.

जागेचं सांगायचं तर पावसाळ्यात स्टिल्टखालची कोरडी फरशी तुम्हाला फार कामी येईल, दुपारी गाड्या कामावर गेलेल्या असतात तेव्हा. मागे घेणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरला एवढं बुटकं मूल आरशात दिसत नाही, म्हणून एका मोठ्या माणसाने सतत सोबत असायलाच हवं. रॅम्पवर नेऊ नका, निदान पहिले सहा महिने. वापरून झाली की गाडी पुसून घरात घ्या, बोल्टांना महिन्यातून एकदा तेलाचा थेंब द्या. इथल्या दमट हवेत बाल्कनीतलं लोखंड एका पावसात गंजतं.

आणि सोबत राहायचं काम आजोबांनाच द्या. मूल पडेल ही काळजी त्यांना आहे, म्हणजे लक्षही तेच नीट ठेवतील. फक्त एवढं सांगा की हँडल किंवा सीट धरायची नाही, धरली की मुलाला तोल कळत नाही. अगदीच राहवलं नाही तर पाठीवर हात ठेवा आणि त्याच्या चालीने शेजारून चाला. आमचे सासरे तसेच चालायचे, छत्री काखेत मारून, धाकटी पाय उचलायला लागेपर्यंत. नंतर त्यांना तिला गाठता येईना.