आज रात्री तुमच्या घरी जेवायला काय आहे, आणि रोज काय करायचं हे तुम्ही कसं ठरवता?

आज आमच्याकडं ज्वारीची भाकरी, कांद्याच्या पातीची पीठ पेरून भाजी, शेंगाचटणी आणि दही. भात नाही, काल झाला होता.

प्रश्नाच्या खाली तुम्ही लिहिलंय की नवरा-बायको दोघंही नोकरीला, संध्याकाळचे सात वाजले की "आज काय करायचं" यावरनं कुरबुर सुरू होते आणि आठवड्यातनं चार दिवस शेवटी बाहेरनंच मागवलं जातं. वाचून थांबलो, कारण चार-पाच वर्षांपूर्वी आमच्या घरात अगदी हेच चाललेलं. म्हणून जरा सविस्तर लिहितोय, लांबलं तर समजून घ्या.

मी मूळचा सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातला, नोकरीमुळं बरीच वर्षं पुण्यात हडपसरला. माझं ऑफिस सहाला सुटतं, मी सातपर्यंत घरी, बायको बँकेत आहे तिला यायला आठ वाजतात, महिनाअखेर असेल तर नऊ. मुलगी चौथीत. आई-अप्पा गावाकडं. आणि रोज रात्री साधारण सव्वाआठला आईचा फोन येतो, पहिलं वाक्य ठरलेलं, "कोरड्यास काय केलंय रं आज?"

हा कोरड्यास शब्द ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, आमच्याकडं भाकरीसोबत जे खायचं त्याला कोरड्यास म्हणतात. सुकी भाजी असो, पातळ आमटी असो, नुसता ठेचा असो, सगळं कोरड्यासच. आईच्या या प्रश्नातच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे असं मला वाटतं. ती "जेवायला काय केलंय" असं कधीच विचारत नाही, भाकरी आहे हे ती धरूनच चालते, विचारायचं राहतं ते फक्त कोरड्यास. आम्ही शहरात आल्यावर हे धरून चालणंच सोडून दिलं होतं, रोज संध्याकाळी कोऱ्या पाटीवरनं सुरुवात, पोळी की भात की पुलाव की पास्ता की डोसा, आणि दमलेल्या माणसाला एवढे पर्याय दिले की तो मोबाईल उचलून ऑर्डरच करणार ना. त्यामुळं आम्ही एक केलं, सोमवार ते शुक्रवार रात्री भाकरी हे पक्कं. त्याच्यावर चर्चा नाही. तुमच्याकडं भाकरी नसेल तर भात पक्का करा, पोळ्या करायला मावशी येत असतील तर पोळी पक्की करा, पण एक काहीतरी न बदलणारं हवंच, मग उरलेलं ठरवायला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत.

आता कोरड्यास. माझा नियम असा की दुकानात जे ताजं दिसेल ते, आणि काही दिसलं नाही तर डब्यात जे असेल ते. आज सोसायटीच्या गेटवरच्या भाजीवाल्या मावशींकडं कांद्याची पात चांगली कोवळी होती, दोन जुड्या घेतल्या. पात बारीक चिरायची, खालचे पांढरे कांदे वेगळे, तेलात मोहरी-जिरं-लसूण, आधी पांढरे कांदे परतायचे मग हिरवी पात, तिखट-हळद-मीठ, आणि पात खाली बसली की वरनं डाळीचं पीठ भुरभुरायचं, झाकण ठेवून दोन वाफा. पाणी घालायचं नाही, पातीला सुटतं तेवढ्यातच पीठ शिजतं. वीस मिनिटांत संपूर्ण काम. मेथी मिळाली तर मेथी-मूगडाळ, वांगी चांगली दिसली तर भरीत, दोडका असेल तर दाण्याचं कूट घालून. आणि ज्या दिवशी पाऊस असतो, ट्रॅफिकमधे अडकून आठ वाजतात, त्या दिवशी पिठलं नाहीतर येसराची आमटी.

येसूर हा आमच्या भागातला फार मोठा आधार आहे आणि पुण्या-मुंबईच्या बऱ्याच लोकांना तो माहीतच नसतो याचं मला वाईट वाटतं. धान्य आणि डाळी भाजून त्यात धने, जिरं, लवंग-दालचिनी वगैरे मसाला घालून दळून ठेवतात, प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं. आई वर्षाला दोन डबे पाठवते. लसणाची फोडणी, तिखट, पाणी, त्याला उकळी आली की पाण्यात कालवलेले दोन चमचे येसूर, दहा मिनिटांत अशी आमटी होते की शेजारचे वास घेऊन विचारतात. त्यात भाकरी कुस्करून खायची, वर कच्चा कांदा. गावाकडं लग्नाच्या पंगतीत हीच आमटी असायची, मोठ्या पातेल्यातली, तिची चव घरी येत नाही पण जवळपास जाते.

शेंगाचटणी रविवारी करून ठेवतो. शेंगदाणे मंद आचेवर खमंग भाजून, लसूण, तिखट, जिरं, मीठ घालून उखळात कुटायची. मिक्सरला पण होते, पण मिक्सर एकदम फिरवला की ती भुकटी होते. थांबत थांबत फिरवायची, दाण्याला तेल सुटून चटणीचा गोळा व्हायला लागला पाहिजे, मुठीत दाबली की आकार राहिला पाहिजे. ही बरणीत असली की एखाद्या दिवशी भाजी झाली नाही तरी जेवण अडत नाही.

भाकरीबद्दल मात्र नीट लिहितो, कारण बहुतेक जण इथंच हार मानतात. माझं लग्न झालं तेव्हा मला भाकरी येत नव्हती, बायकोलाही नाही, तिच्या माहेरी पोळीच. २०२० च्या लॉकडाऊनमधे आईनं मला व्हिडिओ कॉलवर शिकवली. ती तिकडं चुलीपुढं, मी इकडं गॅसपुढं. पहिले आठ दिवस माझी प्रत्येक भाकरी थापताना कडेनं चिरायची आणि उचलताना तुटायची. मी म्हणायचो माझा हातच नाही, आई म्हणायची हाताचं नाही, पीठ दाखव. मग तिनं विचारलं कधी दळलंय. मी दुकानातनं पाकीट आणलेलं, दळून किती महिने झालेत कुणाला माहीत. ती म्हणाली, "त्याची विरी गेलीय, त्याची भाकरी मला पण यायची नाही."

विरी म्हणजे पिठाचा चिवटपणा. गव्हात ग्लुटेन असतं म्हणून पोळीची कणीक ताणली जाते, ज्वारीत ते नाहीच, तिचा जो थोडा चिवटपणा असतो तो पीठ जुनं झालं की जातो, त्यामुळं ज्वारीचं पीठ जेवढं ताजं तेवढं बरं. तेव्हापासनं मी ज्वारी आणून गिरणीतनं तीन-तीन किलोच दळून आणतो, दोन-अडीच आठवड्यांत संपेल एवढीच. ज्वारी मालदांडी घ्या. आमच्या जिल्ह्यातल्या मोहोळच्या संशोधन केंद्रात १९३० च्या दशकात निवडलेलं हे वाण, इतक्या वर्षांनी अजून लोक मागून घेतात ते भाकरीच्या चवीसाठीच. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. आमची काळी जमीन परतीच्या पावसाची ओल धरून ठेवते, सप्टेंबर-ऑक्टोबरमधे पेरलेली ज्वारी त्या ओलीवर आणि थंडीतल्या दवावर येते, बऱ्याच रानांत तिला पाणी द्यावं लागत नाही. २०२३ हे भरडधान्याचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं झालं तेव्हा ऑफिसातली मंडळी ज्वारीची बिस्किटं आणायला लागली, मला चांगलंच वाटलं, पण ज्वारीचा खरा मान तव्यावर आहे हे माझं मत पक्कं आहे.

तर कृती. पीठ ताजं असलं तरी नवशिक्यानं गरम पाण्यातच मळावं, उकळत्या पाण्यानं पिठातला स्टार्च फुलून पीठ धरून राहतं. एक वाटी पिठाला पाऊण वाटी उकळतं पाणी, चिमूट मीठ, चमच्यानं हलवून पाच मिनिटं झाकून ठेवा. मग लागेल तसा पाण्याचा हात घेत तळव्याच्या टाचेनं घासून घासून मळा. हे मळणं सोडू नका, गोळ्यावर चीर दिसली म्हणजे अजून मळायचं आहे. एका वेळी एका भाकरीपुरतंच मळायचं. परातीत कोरडं पीठ टाकून त्यावर गोळा, बोटं जुळवून थापायला लागा, मधे कमी कडेला जास्त, पीठ खाली पुरेसं असलं की भाकरी थापता थापता आपोआप फिरते. ज्या दिवशी माझी पहिल्यांदा फिरली त्या दिवशी मी बायकोला हाक मारून दाखवली होती.

मग उचलून तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर आली पाहिजे. तिच्यावर लगेच हातानं पाणी फिरवायचं, सगळीकडं, कडेपर्यंत. ते पाणी पूर्ण वाळायच्या आत उलटायची. उशीर झाला की तडे जातात आणि तडे गेलेली भाकरी फुगत नाही. दुसरी बाजू चांगली भाजली की तवा काढून भाकरी थेट आचेवर. पदर सुटतो, भाकरी टम्म होते, आणि तो जो वास येतो ना, थोडा करपलेला, थोडा गोडसर, तो आला की मुलगी अभ्यास सोडून किचनमधे येते. पहिली भाकरी तिची. वरचा पापुद्रा काढून त्यावर तूप-मीठ, ओट्याशी उभ्यानंच खाते, खालचा भाग दुधात.

भाकरी तव्यावरनं थेट ताटात पडली पाहिजे, हे मी हट्टानं पाळतो. आधी करून डब्यात ठेवली तर वाफ धरून ओलसर होते. म्हणून मी पीठ काढून, पाणी तापवून ठेवतो, भाजी झाकून ठेवतो, आणि बायको लिफ्टमधनं बाहेर पडल्याचा मेसेज आला की पहिला गोळा मळायला घेतो. ती हातपाय धुऊन येईपर्यंत दोन भाकऱ्या झालेल्या असतात. तिला ऑफिसातनं येऊन गरम भाकरी समोर मिळते आणि ती पहिला घास खाऊन काही न बोलता नुसती मान हलवते, त्यासाठी मी रोज अर्धा तास आनंदानं उभा राहतो.

शनिवार-रविवार मोकळे. शनिवारी खिचडी-कढी-पापड, रविवारी मटण नाहीतर अंड्याचा रस्सा, महिन्यातनं एकदा बाजार आमटी, चार-पाच डाळी एकत्र आणि काळं तिखट, तिच्यासोबत सोलापूरहून आणलेली कडक भाकरी चुरून. बाहेरनं मागवणं बंद नाही केलेलं, महिन्यातनं दोन-तीनदा होतं, पण आता इच्छा झाली म्हणून मागवतो, काही सुचत नाही म्हणून नाही.

उरलेल्या भाकरीची काळजी करू नका. सकाळी कुस्करून कांदा-मिरची-शेंगदाण्याची फोडणी दिली की नाष्टा झाला, नाहीतर दह्यात कालवून.

तुम्ही सुरुवात करणार असाल तर सोमवारी करू नका, शनिवारी करा, वेळ असतो आणि भाकरी मोडली तरी भाताचा कुकर लावता येतो. पहिल्या आठवड्यात चिरणारच. कडेनं चिरली तर मळणं कमी पडलंय नाहीतर पीठ जुनं आहे, मधे तुटली तरी पीठ जुनं आहे किंवा पाणी कमी, आणि परातीला चिकटली तर खाली पीठ कमी. यापेक्षा वेगळं काही झालं तर इथंच खाली लिहा, मी आईला विचारून सांगतो. आता उठतो, उद्याची मटकी भिजत घालायची राहिलीय.