चाफा-अननसवाला पहिला परफ्यूम घेताय?
थेट मोठी बाटली मागवू नका, आधी २ मिलीचं सॅम्पल घ्या. कागदी पट्टीवर पहिल्यांदा अननसच नाकात शिरतो आणि नवखा माणूस तिथेच भुलतो. हा फळाचा हलका वास लवकर उडतो. तासाभराने उरतात इलांग-इलांग (एक सुवासिक पिवळं फूल), निशिगंध, चाफा, आणि दिवसभर वागवायचे असतात ते हेच. म्हणून मनगटावर एकच फवारा मारा, चोळू नका आणि संध्याकाळी ठरवा.

‘कृत्रिम’ म्हणून नाक मुरडू नका; अननस पिळून अत्तर निघत नाही, तो वास बहुधा प्रयोगशाळेतच बनतो.

आणि उन्हाळ्यात हात आखडता ठेवा. मी मे महिन्यात चार फवारे मारून लोकलमध्ये चढलो होतो. शेजारच्या काकूंनी नाकाला पदर लावला तो दादरपर्यंत!