चादरीचं नाव 'डीएससी ०२१७'

प्रश्न : अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचा चादरी-टॉवेलचा कारखाना आहे. मी तिसऱ्या पिढीतला. तीन वर्षांपूर्वी मुलाने आणि सूनबाईंनी वेबसाइट सुरू केली, आता किरकोळ गिऱ्हाइकं आणि व्यापारी दोघांच्या ऑर्डरी तिथेच येतात. मागच्या महिन्यात पंढरपूरच्या आमच्या जुन्या व्यापाऱ्यांचा फोन आला. साखरेच्या आजाराने त्यांची नजर जवळजवळ गेली आहे. म्हणाले, "शेठ, तुमच्या साइटवर माझं काही चालत नाही. फोन बोलतो, पण काय बोलतो ते कळत नाही." वडिलांच्या वेळेपासूनचं गिऱ्हाईक, फार वाईट वाटलं. वेबसाइटवाला म्हणतो, वर्षाला ४० हजार भरा, कोपऱ्यात एक बटण लावून देतो, मग साइट सगळ्या दिव्यांगांना वापरता येईल आणि कायद्याचीही काळजी नको. बटण लावावं का? आणि आमच्यासारख्या खासगी धंद्याला असा कायदा लागू होतो का?
– एक कारखानदार, सोलापूर

उत्तर : बटण लावू नका. ते ४० हजार बाजूला ठेवा, कुठे खर्चायचे ते सांगते.

तुमचा मेल आला त्याच रात्री मी तुमची साइट उघडली. या सदराच्या जुन्या वाचकांना ठाऊक आहे, नव्यांसाठी लिहिते : मला दिसत नाही. विसाव्या वर्षापर्यंत दिसायचं, मग डोळ्यांच्या पडद्याच्या आजाराने हळूहळू सगळं गेलं. गेली अकरा वर्षं मी घरी बसून कंपन्यांची अ‍ॅप आणि साइट तपासून देते. माझ्या फोनवर टॉकबॅक चालू असतं. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये ते आयतंच असतं, आयफोनमध्ये त्याच कामाचं व्हॉइसओव्हर असतं. बोट उजवीकडे सरकवलं की पडद्यावरची पुढची गोष्ट फोन बोलून दाखवतो, दोनदा टकटक केली की ती उघडते. तुमच्या व्यापाऱ्यांच्या फोनवरही हेच चालू असणार.

मला जे ऐकू आलं ते जसंच्या तसं लिहिते. "लिंक, इमेज." "बटण, अनलेबल्ड." "बटण, अनलेबल्ड." "डीएससी शून्य दोन एक सात." "डीएससी शून्य दोन एक आठ." पहिल्या पानावरून पहिल्या चादरीपर्यंत जायला ४३ वेळा बोट सरकवावं लागलं, आणि पोहोचले तेव्हा त्या चादरीचं नाव निघालं डीएससी ०२१७. कॅमेऱ्याने फोटोला दिलेला नंबर कुणी बदललाच नव्हता.

माझे वडील सोलापूरच्याच पूर्व भागातल्या एका कारखान्यात लूमवर होते. घरात नवी चादर आली की आम्ही भावंडं डोळे मिटून तिच्यावर हात फिरवायचो आणि नक्षी ओळखायचो. सोलापुरी चादरीची वीण जाड, उठावदार. पाकळीची कड बोटाला लागते. तेव्हा तो खेळ होता. पुढे नजर गेली तरी चादर मला तशीच ओळखू येत राहिली. अशी चादर तुमच्या साइटवर माझ्यासाठी नुसता एक नंबर झाली, याचं मला मनापासून वाईट वाटलं.

पुढे गेले. रंग निवडायला पाच गोल होते, पाचही "बटण, अनलेबल्ड". मी तिसरा दाबला. तो कोणता रंग होता ते मला कळलं नाही. नग वाढवायचं आणि कमी करायचं बटणही बिनानावाचं, त्यामुळे एक चादर घेतली की चार, तेही समजेना. पिनकोड मी मुद्दाम पाचच आकडी टाकला आणि पुढे जायचा प्रयत्न केला. फोन गप्प. पुन्हा दाबलं, पुन्हा गप्प. शेवटी भाचीला बोलावलं. ती म्हणाली, "मावशी, चौकट लाल झालीय." चौकट लाल झाली हे मला कोण सांगणार? त्याच्यापुढे वाकडीतिकडी अक्षरं ओळखून लिहायची होती. तिथे मी थांबले. तुमचे व्यापारीही बहुधा इथेच कुठेतरी अडले.

आता कोपऱ्यातलं ते बटण यातलं काय दुरुस्त करणार? ते अक्षरं मोठी करतं, रंग गडद करतं, कधी स्वतःच साइट वाचायला लागतं. अक्षरं मोठी करायची सोय गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये असतेच. वाचणारा आवाजही असतो. मग दोन आवाज एकमेकांवर बोलतात आणि एकही धड समजत नाही. फोटोत काय आहे याचा ते फार तर अंदाज बांधतं. अशा बटणाने कोणतीही साइट नियमांत बसते, हा दावा पुराव्याशिवाय केल्याबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५ मध्ये एका कंपनीला १० लाख डॉलर भरायला लावले. तुम्हाला तर हे जास्त चांगलं कळेल. जॅकार्ड मागावर विणायची नक्षी त्याची कार्डं टोचतानाच ठरते, विणून झालेल्या चादरीवर ती वरून चिकटवता येत नाही.

म्हणून सुरुवात नावांपासून करा. मी भाचीला विचारलं, ०२१७ मध्ये काय आहे? ती म्हणाली, "किरमिजी जमीन, मधोमध पांढरं मोठं फूल, चारी कडांना वेल." झालं. हेच वाक्य त्या फोटोमागे लिहायचं. प्रत्येक फोटोला असं एक वर्णन जोडायची जागा असते, ती डोळ्यांना दिसत नाही, आमच्या फोनला ऐकू येते. ही वाक्यं वेबसाइटवाल्याकडून लिहून घेऊ नका. पॅकिंगमध्ये ज्या बायका वर्षानुवर्षं काम करतात त्यांना विचारा, त्यांच्याकडे प्रत्येक नक्षीला नाव असतं. त्यांच्या तोंडचे शब्द तसेच उतरवा. रंगांच्या गोलांनाही खरी नावं द्या : किरमिजी, मोरपंखी, चिंतामणी. जन्मापासून न दिसणाऱ्या माणसालाही रंगाचं नाव हवं असतं. त्याची बायको, त्याची आई रंग विचारणारच की!

बाकीचं वेबसाइटवाल्याचं काम. प्रत्येक बटणाला नाव. प्रत्येक चौकटीला ती कशाची आहे ते जोडलेलं. चूक झाली तर ती शब्दांत सांगायची, "पिनकोड सहा आकडी हवा" असं, आणि फोनने ती आपणहून वाचली पाहिजे. वाकडीतिकडी अक्षरं काढून टाकायची, मोबाइलवरचा ओटीपी पुरे. फक्त तो टाकायला वेळ भरपूर द्या, कारण आमचा फोन आधी मेसेज वाचतो, मग पुन्हा साइटवर येतो. आणि सगळी ऑर्डर माऊसला हात न लावता, नुसत्या कीबोर्डवर पुरी झाली पाहिजे. यंत्रावर बोटं गमावलेली माणसं आपल्या गावात मी लहानपणापासून ओळखते. त्यांना माऊस नीट धरता येत नाही, पण टॅबची कळ दाबता येते.

अजून एक. तुमच्या साइटवर किमती फिकट करड्या अक्षरांत आहेत असं भाची म्हणाली. वेब सुगम करण्याचे जे जागतिक नियम आहेत, डब्ल्यूसीएजी नावाचे, त्यांच्या एए पातळीनुसार साध्या आकाराचं अक्षर आणि मागचा रंग यांच्यात किमान ४.५ ला १ इतका फरक हवा. हा फरक मोजणारी साधनं फुकट मिळतात. मे महिन्याच्या उन्हात नवी पेठेत उभं राहून फोन बघा म्हणजे मी काय म्हणते ते पटेल. तिथे चांगल्या नजरेच्या माणसालाही फिकट अक्षर दिसत नाही.

एवढं झालं की एखाद्या रविवारी पंढरपूरला जा. व्यापाऱ्यांच्या शेजारी बसा, त्यांचाच फोन त्यांच्याच हातात असू द्या, आणि त्यांना एक ऑर्डर टाकायला सांगा. तुम्ही काही बोलू नका. "इथे दाबा, तिथे दाबा" अजिबात नाही. त्यांचं बोट जिथे थांबेल ते वहीत लिहा. तासाभरात जे कळेल ते एरवी महिनाभर चर्चा करूनही कळायचं नाही. आणि या तासाचे त्यांना पैसे द्या. नातं जुनं असलं तरी द्या, ते काम आहे. माझ्या हिशेबाने त्या ४० हजारांतले निम्मे दुरुस्तीला आणि निम्मे अशा तपासणीला ठेवा : एक न दिसणारा, एक ऐकू न येणारा, एक हाताने अधू, एक साठीच्या पुढचा. नवी डिझाइनं आली की पुन्हा बोलवा.

फोनवर ऑर्डर घेणं मात्र बंद करू नका. पण फोन आहे म्हणून साइट तशीच ठेवू नका. दुकान मिटल्यावर, रात्री जेवणं झाल्यावर, कुणाला न विचारता स्वतः भाव बघायचे, मनात हिशेब करायचा आणि मग ठरवायचं, ही व्यापाऱ्याची रीत. नजर गेली म्हणून ती का सुटावी?

कायद्याचं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा, तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याचं कलम ४६ सेवा देणाऱ्यांसाठी आहे आणि त्यात सरकारी किंवा खासगी असा स्पष्ट उल्लेख आहे : सुगमतेचे नियम निघाल्यापासून दोन वर्षांत सेवा त्या नियमांप्रमाणे द्यायची. नियम जून २०१७ मध्ये निघाले. कायदा मोडला तर पहिल्या वेळी १० हजारांपर्यंत आणि पुढे ५० हजार ते ५ लाखांपर्यंत दंडाची तरतूद कलम ८९ मध्ये आहे. ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुरी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की सुगमतेचे नियम नुसते सल्लावजा असून चालणार नाहीत, आणि केंद्राला बंधनकारक नियम करायला सांगितलं. मग ३० एप्रिल २०२५ चा प्रज्ञा प्रसून खटल्यातला निकाल. अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि न दिसणाऱ्या माणसांनी दाद मागितली होती की बँकांची ई-केवायसी, म्हणजे ऑनलाइन ओळख पटवणी, "डोळे मिचकावा" म्हणते आणि आम्हाला ते जमत नाही. डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायालयाने सांगितलं. तो निकाल फोनवर ऐकताना मी दोनदा मागे नेऊन पुन्हा ऐकला. मीही अशा एका अ‍ॅपपुढे बसून, कॅमेरा कुठे आहे ते न कळता, अर्धा तास मान वळवत होते.

तुम्हाला उद्या नोटीस येईल असं मी म्हणत नाही. पण साइट नव्याने करून घेताना करारात एक ओळ घाला : डब्ल्यूसीएजी २.२, पातळी एए, आणि भारतीय मानक आयएस १७८०२ यांप्रमाणे काम हवं, आणि शेवटचा हप्ता टॉकबॅकवर पूर्ण ऑर्डर टाकून दाखवल्यावर.

प्रश्न : ताई, मी साइट बनवते. दुकानाचं दरपत्रक मराठीत पीडीएफ करून टाकलं, तर एक न दिसणारे काका म्हणाले, फोन भलतंच काहीतरी बडबडतो. मजकूर तर शुद्ध मराठी आहे. असं का?
– एक वेब डिझायनर, होटगी रोड

उत्तर : ते दरपत्रक डीटीपीवाल्याकडून आलं असणार आणि जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये असणार. डोळ्यांना 'टॉवेल' दिसतं, पण आत रोमन अक्षरांचा कालवा असतो. फोन तो कालवाच वाचतो. परीक्षा सोपी आहे : पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपमध्ये चिकटव. मराठी उमटली तर ठीक, खुणा आणि रोमन अक्षरं उमटली तर पूर्ण दरपत्रक युनिकोडमध्ये नव्याने टाइप करावं लागेल. आणि शक्यतो पीडीएफ नकोच, साध्या तक्त्यात पानावरच दे.

दुसरं, पानाच्या कोडमध्ये भाषा 'मराठी' अशी नोंदवली आहेस का बघ. बहुतेक जण साचा इंग्रजीचा घेतात आणि ती ओळ तशीच राहते. मग काही फोन इंग्रजी आवाजात मराठी वाचायला जातात आणि अर्धे शब्द गिळतात. तपासायला तुझ्या लॅपटॉपवर एनव्हीडीए घे, ते पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर आहे. मायकल करन या स्वतः न दिसणाऱ्या ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ मध्ये ते सुरू केलं, आजही फुकट आहे. पडदा बंद कर आणि तुझ्याच साइटवर एक टॉवेल विकत घेऊन बघ. पहिल्या दिवशी रडू येईल, सोडू नकोस.

प्रश्न : मला ऐकू येत नाही. शिवणकाम करते, कापड ऑनलाइन मागवते. माल चुकीचा आला की कंपनी फक्त फोन नंबर देते. मुलगा शाळेतून येईपर्यंत थांबावं लागतं. काय करू?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : कंपनीला मेल करा : "मी कर्णबधिर आहे, तक्रार आणि उत्तर दोन्ही लेखी हवं, व्हॉट्सअ‍ॅप किंवा मेलवर." एवढंच, कारणं देत बसू नका. वर म्हटलेला कायदा २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांसाठी आहे, त्यात तुम्हीही येता. मेलची प्रत आणि चुकीच्या मालाचा फोटो जपून ठेवा. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या पोर्टलवर लेखी तक्रार नोंदवता येते, तिथे फोन करावा लागत नाही. आणि कारखानदार साहेब, तुम्ही हे वाचत असाल तर तुमच्याही 'संपर्क' पानावर नुसता फोन नंबरच आहे.