मुलाला नशेच्या संगतीतून काढायला गावाबाहेर पाठवू का?

गावाकडून येणारे आईवडील मला सगळ्यात जास्त हाच प्रश्न विचारतात. शब्द थोडे वेगळे असतात पण मुद्दा तोच, मॅडम पोरगा चांगला आहे हो, संगत वाईट आहे, त्याला मामाकडे शहरात पाठवून दिलं तर सुटेल का? परवा परत एकदा हाच प्रश्न आला म्हणून म्हटलं एकदाचं सविस्तर लिहूनच टाकावं. खाली जी केस सांगतेय त्यातल्या घरच्यांची परवानगी घेतलीय आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

मुलगा सोळा वर्षांचा. आधी सिगारेट, मग शनिवारी रात्री दारू, आणि अधूनमधून गांजा. वडिलांनी दोनदा मारलं होतं, आईने शपथा घातल्या होत्या. माझ्यासमोर बसला तेव्हा मान खाली, उत्तरं एका शब्दात. तू का करतोस असं मी विचारतच नाही, कारण ह्या वयात "का"चं उत्तर मुलांकडे नसतं आणि आपण विचारलं की ती आपल्याला आवडेल असं काहीतरी बनवून सांगतात. मी विचारलं, "काल शाळा सुटल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलंस ते सांग."

"घरी आलो. दप्तर टाकलं. शाळेमागच्या कट्ट्यावर गेलो."

"मग?"

"मग काय, तिथेच. नऊ साडेनऊपर्यंत."

"आणि तिथे गेला नसतास तर कुठे असतास?"

बराच वेळ विचार केला त्याने. मग म्हणाला, "कुठेच नाही."

मैदान आहे ना गावात, मी म्हटलं. तर म्हणे तिथे मोठी पोरं असतात, आम्हाला खेळायला घेत नाहीत, आणि सातनंतर अंधार असतो. म्हणजे बघा, रोजचे चार तास ह्या मुलाला जाण्यासारखी एकच जागा होती आणि त्या जागेवर नशा होती. घरचे सगळे "संगत संगत" करत होते पण ह्या चार तासांबद्दल कुणी बोलतच नव्हतं.

नंतर एकदा तो थोडा चिडून म्हणाला, "मॅडम, सगळेच करतात, मी एकटाच नाही." वाद न घालता मी कागद पुढे केला. म्हटलं, वर्गातल्या ज्या मुलांना तू स्वतःच्या डोळ्यांनी पिताना बघितलंयस त्यांचीच नावं लिही, ऐकीव नकोत. वर्गात चाळीसच्या आसपास मुलंमुली. नावं झाली पाच, त्यात एक त्याचं स्वतःचं. पेन हातात धरून तो कागदाकडे बघत बसला. "पण वाटतं तर सगळेच..." अरे वाटणारच, तू रोज त्याच पाचांत बसतोस. हे फक्त ह्याच्याच बाबतीत नाही, किशोरवयीन मुलं बाकीचे किती नशा करतात ह्याचा अंदाज जवळजवळ नेहमी फुगवूनच करतात आणि मग त्या खोट्या आकड्याशी जुळवून घ्यायला बघतात. म्हणून गावात भाषण करताना "आजची सगळी तरुण पिढी व्यसनाधीन झालीय" असं म्हणणाऱ्या मोठ्यांना मी हात जोडून सांगते, हे वाक्य थांबवा. न पिणाऱ्या मुलाला त्यातून एवढंच कळतं की आपणच वेगळे.

पण ह्या केसमधला खरा टर्न आईमुळे आला. मी तिला विचारलं, "त्या बाकीच्या चौघांच्या आया तुमच्या ओळखीच्या आहेत का?"

"आहेत ना. एकीची तर रोज भेट होते."

"तिला सांगितलंत हे?"

"छे! काय सांगणार? ती म्हणेल ह्यांच्याच पोराने माझा बिघडवला."

"आणि तीच उद्या तुमच्या दारात येऊन असं सांगायला लागली तर?"

ताई काहीच बोलल्या नाहीत. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या, सोडत राहिल्या. अशा वेळी आपण बोलायचं नसतं, कितीही वाटलं तरी, हे मी वर्षानुवर्षांच्या कामातून शिकलेय. मग हळूच म्हणाल्या, "मला रडूच येईल. मी म्हणेन की माझ्याही घरी हेच चाललंय." आणि थोड्या वेळाने, एकदम माझ्याकडे बघून, "म्हणजे ती पण रात्रीची झोपत नसेल का हो?"

त्याच आठवड्यात त्या मैत्रिणीकडे गेल्या. कळलं काय, तर ती बाई आपल्या मुलाला ह्यांच्या मुलापासून लांब म्हणून बहिणीकडे पाठवायच्या तयारीत होती! दोन्ही घरं एकमेकांच्या पोरांना घाबरून आपापला मुलगा गावाबाहेर काढायला निघालेली, आणि लाजेपोटी दोघी रोज भेटून भलतंच बोलत होत्या.

माझं मत विचाराल तर गावातलं व्यसन वाढायला ही गप्प बसण्याची सवय फार कारणीभूत आहे. मी आधीपासून ह्याच विचाराची आहे, मुलाला एकटं घेऊन दुरुस्त करायचं आणि परत त्याच कट्ट्यावर सोडायचं हे मला कधी पटलं नाही. आणि ह्याला जगभरचा आधार आहे. आइसलँडमध्ये 1998 साली 15-16 वर्षांची 42 टक्के मुलं मागच्या महिन्यात एकदा तरी दारूने झिंगलेली होती, 2016 पर्यंत हा आकडा 5 टक्क्यांवर आला. त्यांनी काय केलं? आईवडिलांनी एकमेकांशी करार केले की इतक्या वाजता सगळ्यांची मुलं घरात, पालक संध्याकाळी गटाने फेऱ्या मारायला लागले, खेळ आणि संगीताच्या क्लबांना सरकारने पैसा दिला आणि दर काही काळाने मुलांनाच विचारून आकडे तपासले. अमेरिकेत डेव्हिड हॉकिन्स आणि रिचर्ड कॅटालानो ह्यांच्या "कम्युनिटीज दॅट केअर" ह्या पद्धतीची 2003 पासून सात राज्यांतल्या 24 छोट्या गावांत चाचणी झाली, ज्या गावांत लोकांनी एकत्र बसून आपल्या गावाचे धोके ओळखून काम केलं तिथल्या मुलांचं आठवीपर्यंत दारू, सिगारेट आणि तोंडातली तंबाखू सुरू करण्याचं प्रमाण कमी निघालं. उलट 1983 ला लॉस एंजेलिसमध्ये सुरू झालेला "डेअर" कार्यक्रम, पोलिसांनी वर्गात येऊन शिकवायचा, प्रचंड गाजला पण त्याच्या मूळ रूपाचा टिकणारा परिणाम तपासण्यांत जवळपास दिसलाच नाही. नुसती व्याख्यानं पुरत नाहीत.

तर ह्या गावात चार घरं एकत्र आली, पाचवं आलं नाही. ठरलं एवढंच की साडेआठला सगळी पोरं घरी, एका घराचा नियम तोच चारही घरांचा, म्हणजे "त्याला तर सोडतात" हे वाक्यच बंद. कुणाचाही मुलगा नशेत दिसला तर त्याच्या घरी जाऊन सरळ सांगायचं आणि ऐकणाऱ्याने भांडायचं नाही. आणि मोठ्यांनी पोरांना तंबाखू किंवा बाटली आणायला पाठवायचं बंद. ह्यावर एका वडिलांना राग आला, ते स्वतः पितात, पण पुढच्या वेळी तेच म्हणाले की माझं मी आणेन. शाळेच्या मुख्याध्यापकांकडे जाऊन मैदानावर दिवा मागितला आणि व्हॉलीबॉल खेळलेला एक तरुण तासभर यायला तयार झाला, लहान-मोठे वेगवेगळे गट केले म्हणजे ह्या पोरांनाही जागा मिळाली.

मुलाने मध्ये एकदा परत घेतली, पण ते त्याने स्वतः येऊन आईला सांगितलं आणि ताईंनी त्या रात्री आरडाओरडा न करता दुसऱ्या दिवशी सकाळी शांतपणे विषय काढला. मला विचाराल तर ह्या केसमधलं सगळ्यात मोठं यश हेच. नशेत असलेल्या माणसाशी वाद घालून काही हाती लागत नाही. शहरात तो गेला नाही, आणि जाऊन तरी काय, तिथेही संध्याकाळचे चार तास असतातच, वर ओळखीचं कुणी नसतं. पण घरात मारहाण होतेय किंवा नशा विकणारे मुलाला धमकावतायत असं असेल तर ती गोष्ट वेगळी, तिथे त्याला सुरक्षित जागी हलवणंच बरोबर.

अजून एक, हे कृपया नीट वाचा. मुलगा रोज आणि भरपूर पीत असेल तर त्याला खोलीत कोंडून एकदम दारू बंद करू नका. हात थरथरणं, खूप घाम, भास, झटके असं काही दिसलं तर लगेच दवाखान्यात न्या, हे जिवावर बेतू शकतं.

शेजारच्या घरी जाऊन पहिलं वाक्य काय बोलायचं असं बरेच जण विचारतात. "तुमच्या मुलामुळे" अशी सुरुवात नको. "माझ्या घरी हे चाललंय, मला एकटीला झेपत नाहीये, तुमच्याकडे कसं आहे?" एवढं पुरे. समोरच्याने दार लावून घेतलं तर मनाला लावून घेऊ नका, दुसऱ्या घरी जा. दोन घरं जमली तरी वेळेचा नियम त्याच संध्याकाळपासून सुरू करता येतो.